बारास एक

मराठी घरात भातुकली होती, बाहुलीघर नव्हतं. मुलीला खेळायला तांब्याची कळशी मिळायची, पितळी बंब मिळायचा, जातं, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, किसणी, सोऱ्या, अगदी चिमटा-सांडशीपर्यंत सगळं मिळायचं. ते मांडायला भिंती मात्र मिळायच्या नाहीत. पडवीचा कोपरा, माजघरातली खांबाआडची जागा नाहीतर अंगणात खडूनं ओढलेली रेघ, एवढंच घर. स्वयंपाक मात्र खरा असायचा. चुरमुरे, गूळ, दाण्याचं कूट आणि आईनं फारच मनावर घेतलं तर कणकेचा एक गोळा. भांडी खरी, खाऊ खरा आणि घर मानलेलं.

युरोपात नेमकं उलटं झालं. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त यानं १५५८च्या सुमारास एक छोटं घर करवून घेतलं, ते मुलीनं खेळावं म्हणून नव्हे, तर पाहुण्यांना दाखवावं म्हणून. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमनचं बाहुलीघर १६८६ ते १७१० या काळात सजत गेलं. आज ते तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठचं खरं घर आलं असतं, असं सांगतात. लंडनमध्ये १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी जे बाहुलीघर उभं राहिलं, त्याचा वास्तुविशारद एडविन लट्यन्स. म्हणजे ज्या वर्षांत तो इकडे नव्या दिल्लीत राष्ट्रपती भवनाचं (तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसचं) काम बघत होता, त्याच वर्षांत तिकडे पाण्याचा नळ खरा चालेल, दिवे खरे लागतील आणि तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन असेल अशा घराचे नकाशे काढत होता. हे घर आजही विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्याचं माप बारास एक. खऱ्यातला एक फूट, तिथला एक इंच.

हे बारास एकचं माप पुढे जगभर रूढ झालं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या नार्सिसा थॉर्न यांच्या ६८ खोल्या याच मापाच्या. अमेरिकेतच फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४०च्या दशकात गुन्ह्यांच्या जागांच्या छोट्या प्रतिकृती केल्या, त्याही याच मापाच्या. पोलिसांनी त्या खोल्यांत डोळ्यांनी शोध घ्यायचा, खिडकीची कडी कुठल्या बाजूला आहे, दिवा चालू की बंद हे टिपायचं. बाहुलीघराचा असाही उपयोग होतो, हे वाचून मला ली बाईंविषयी आदर वाटला.

आपल्या भातुकलीला असं एक माप कधीच नव्हतं. पुण्याचे विलास करंदीकर यांनी वर्षानुवर्षं भातुकली जमवली आणि गावोगाव तिची प्रदर्शनं भरवली. असा मोठा संग्रह बघताना जरा बारकाईनं पाहिलं तर लक्षात येतं, की बंब आणि कळशी एका घरातली असणं शक्य नाही. कळशी बंबाच्या निम्मी, पळी कढईएवढी, जात्याचा खुंटा त्याच्या पाळीपेक्षा जाड. यात तांबटाची चूक काहीच नाही. त्यानं माप घेतलं ते सहा-सात वर्षांच्या मुलीच्या मुठीचं. वस्तू तिच्या हातात बसली पाहिजे, पडली तर चेपू नये, आणि तिच्यात चार दाणे मावले पाहिजेत. नाशिकच्या तांबट आळीतून आणि भांडी बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या हीच भातुकली घरोघर गेली.

आता त्याच नाशिकमध्ये, शहराच्या त्र्यंबककडच्या अंगाला, सातपुरात, काही बायका (आणि थोडे पुरुष) बारास एकच्या मापात पुरणपोळी करतात. पॉलिमर क्लेची.

सातपूर म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे कारखाने येतात. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि सातपूर ही तिच्या जुन्या वसाहतींपैकी एक. महिंद्र, सिएट, एबीबी आणि बॉश. या शेवटच्या नावाला इथली जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, आणि चौकाचं नावही मायको सर्कल असंच आहे. या मोठ्या गेटांच्या मागे गल्लोगल्ली लहान शेड आहेत: टर्निंग, ग्राइंडिंग, शीट मेटल, पावडर कोटिंग, डाय-मोल्ड. डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये सुई आणि तिच्या घराच्या मधली फट काही मायक्रॉनचीच ठेवावी लागते. ज्या वस्तीत हे काम चालतं, तिथे घरातल्या पोराला व्हर्निअर कसा धरायचा हे सांगावं लागत नाही.

रेझिनही इथे नवीन नाही. मोबाइलवर रेझिनची किचेनं आणि ट्रे बघून जी मंडळी हरखून जातात, त्यांना सातपूर-अंबडच्या कामगारानं सांगावं, की बाबांनो, हे आम्ही वर्षानुवर्षं ओततोय. वीजपुरवठ्यात लागणारे अनेक करंट ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेटर इपॉक्सी रेझिनमध्ये ओतलेले असतात. रेझिन आणि हार्डनर मोजून मिसळायचे, निर्वातात हवा खेचून घ्यायची, गरम साच्यात ओतायचं, भट्टीत पिकवायचं. तिथे आत एक बुडबुडा राहिला तर उच्च दाबाखाली त्या पोकळीत ठिणग्या झडत राहतात आणि शेवटी इन्सुलेशन फुटतं. हौशी कलाकाराच्या पेंडंटमधला बुडबुडा नुसता डोळ्याला खुपतो, इथला माल रिजेक्ट करतो. घरगुती इपॉक्सीची आपली ओळखही जुनीच आहे. अराल्डाइट १९४६ पासूनचं. एम-सील तर आधी महिंद्र समूहातल्याच एका कंपनीचं होतं, २००० साली ते पिडिलाइटकडे गेलं. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून गळका नळ बुजवणाऱ्या प्रत्येकानं इपॉक्सीचं पहिलं प्रात्यक्षिक आधीच केलेलं आहे.

पॉलिमर क्लेची जन्मकथा तर सातपूरला शोभावी अशी. साठच्या दशकात शिकागोजवळच्या झेनिथ नावाच्या कंपनीनं एक लगदा तयार केला. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो वापरायचा बेत होता. त्या कामी तो लगदा काही चालला नाही. मग कुणीतरी त्याचा तुकडा हातानं घडवून भाजला, तर तो घट्ट झाला, तासता आला, रंगवता आला. तोच पुढे स्कल्पी या नावानं विकला गेला. जर्मनीतली गोष्टही अशीच फसलेल्या प्रयोगाची. बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझे यांच्याकडे १९३९मध्ये बाहुल्यांच्या डोक्यांसाठी म्हणून एक प्लॅस्टिकचा लगदा आला, कारखान्याला तो सोयीचा ठरला नाही, आणि त्यांच्या मुलीनं त्यावर काम करून घडवण्याजोगी क्ले तयार केली. १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीनं ती घेतली, आणि आज ती फिमो म्हणून मिळते. नावात माती असली तरी दोन्हींत माती नाही. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग. ज्या पीव्हीसीचे पाइप आपल्या शेतात पडलेले असतात तेच, फक्त न शिजवलेलं.

सातपूरच्या अशोकनगरमधल्या ज्या ताईंच्या टेबलापाशी मी हे काम बघितलं, त्यांनी आधीच बजावलं होतं, की नाव छापायचं नाही. आहेत त्या ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत, आणखी नकोत. यजमान एका डाय-मोल्डच्या शेडमध्ये, पाळीवर. टेबल म्हणजे शिवणयंत्राचं जुनं टेबल, त्यावर पांढरी टाइल. टाइलवर मोजून सहा-सात हत्यारं: ब्लेड, सुई, जुना टूथब्रश, ॲक्रिलिकचा दांडा, गोल टोकाच्या दोन सळ्या आणि यजमानांचा डिजिटल व्हर्निअर. त्या दिवशी द्राक्षाचा घड चालला होता.

निर्यातीच्या द्राक्षाचा मणी १६ ते १८ मिलिमीटरचा लागतो. बागायतदार तो मोजूनच तोडणी ठरवतात. १८ला बारानं भागलं की दीड मिलिमीटर. पारदर्शक क्लेमध्ये हिरव्याचा टाचणीच्या डोक्याएवढा आणि पिवळ्याचा त्याहून थोडा मोठा कण मळायचा. हिरवा जास्त झाला तर थॉम्पसन जातीचं द्राक्ष न होता मटार होतो, हे ताईंचं म्हणणं मी पुढे पाहूनही घेतलं. मळलेल्या गोळ्याची दोरी वळायची, व्हर्निअरनं जाडी तपासायची, सारख्या लांबीचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा बोटाच्या पेराखाली फिरवून मणी करायचा. एका घडाला सत्तर-ऐंशी मणी. सगळे एकाच मापाचे केले तर घड खोटा दिसतो. खऱ्या घडात टोकाकडचे मणी बारीक असतात आणि मध्ये एखादा दबलेलाही असतो. बारीक तारेला लिक्विड क्ले लावून टोकाकडून वर अशी मण्यांची जडणघडण होते, कारण वरून सुरुवात केली तर खालच्या ओळीसाठी बोट घालायला जागाच राहत नाही.

मग भाजणं. सारा जुगार इथे आहे. स्कल्पीसारखी क्ले साधारण १३० अंश सेल्सिअसला, फिमो ११०ला. ओटीजीच्या डायलवर जे लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवायचा आणि ओव्हन आधी स्थिर होऊ द्यायचा. तापमान कमी पडलं तर वस्तू वरून बरी दिसते आणि दोन महिन्यांनी बोटात तुटते. जास्त झालं तर पारदर्शक मणी तपकिरी पडतात, आणि फारच जास्त झालं तर पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. घडावर ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू घातला होता, वरची कॉइल थेट रंगावर बसू नये म्हणून. बाहेर काढल्याबरोबर घड बर्फाच्या पाण्यात. त्यानं पारदर्शकपणा वाढतो.

शेवटी ताईंनी पांढऱ्या खडूची पूड ब्रशच्या टोकावर घेतली आणि जवळजवळ झटकून टाकली. उरली तेवढीच मण्यांवर फिरवली. द्राक्षावर मेणाचा जो पांढुरका थर असतो, तो आला. तोवर ती हिरव्या मण्यांची छान वस्तू होती. आता मात्र बागेतून आत्ता आणलेला, कुणाचा हात न लागलेला घड झाला. थॉम्पसनच्या बागेत उभं राहिलेल्या माणसालाच हा थर आठवेल. परदेशी व्हिडिओ बघून द्राक्षं करणारे त्यावर चकचकीत वार्निश मारतात.

भाकरी त्या मानानं सोपी, पण तिलाही हिशेब आहे. २१ सेंटिमीटरची भाकरी पावणेदोन सेंटिमीटरची होते. चुरगळलेल्या फॉइलनं दाबून तिला पोत द्यायचा, आणि कच्ची असतानाच पेस्टलची तपकिरी पूड लावून फुगलेल्या जागी डाग पाडायचे. मिसळीत मात्र गणित हट्टाला पेटतं. शेव दोन मिलिमीटरची धरली तर बारास एकमध्ये ती ०.१७ मिलिमीटर भरते. एवढी बारीक दोरी क्लेची निघत नाही, निघाली तर भाजताना तुटते. इथे कारागीर लबाडी करतो आणि केलीच पाहिजे. आधी भाजलेल्या पिवळ्या क्लेचा ठोकळा ब्लेडनं खरवडायचा, जे वाकडेतिकडे तूस निघतात ते शेव म्हणून टाकायचे. मटकीचा दाणाही असाच: प्रत्येकाला मोड काढत बसायचं नाही, वरच्या थरातल्या पाच-सहांना काढायचे. बाकीचे बघणाऱ्याचा डोळा काढतो. गंगापूर-सातपूर रस्त्यावर चुलीवरच्या मिसळीपुढे रविवारी सकाळी रांग लावणाऱ्या गावात एवढा भरवसा ठेवायला हरकत नाही.

मिसळीची तर्री रेझिनची. आणि रेझिनपाशी निसर्ग आडवा येतो, कारण वस्तू लहान करता येते, पण द्रवाचे नियम लहान करता येत नाहीत. पेल्यातल्या पाण्याची कड काचेला धरून थोडी वर चढते, ते आपल्याला कधी जाणवत नाही, कारण पेला मोठा असतो. रेझिनही तसंच एखाद-दोन मिलिमीटर वर चढतं. पण वाटीच जर चार मिलिमीटर उंच असेल, तर रस्सा काठापर्यंत चढून मध्ये खड्डा पडतो. अशी वाटी खरी मोठी करून बघितली तर तिच्यात आमटी दोन सेंटिमीटर भिंतीवर चढलेली दिसेल. उपाय असा, की एका दमात ओतायचं नाही. आधी तळाला थोडं, ते पिकू द्यायचं, मग मध्यभागी सुईच्या टोकानं थेंब ठेवायचा आणि तो काठाला टेकायच्या आत यूव्ही दिव्याखाली धरायचा. तेलाचा तवंग सगळ्यात शेवटी: लाल रंगाचं रेझिन, जवळजवळ पारदर्शक, दोन-तीन ठिपक्यांत.

प्रमाणाचा आणखी एक चमत्कार सांगतो तो आकडा १७२८. लांबी बारापट कमी केली की घनफळ बारा गुणिले बारा गुणिले बारा इतकं कमी होतं. एक लिटरच्या पातेल्यात मावतं ०.५८ मिलिलिटर, म्हणजे दहा-बारा थेंब. आता दोन भागांचं इपॉक्सी एवढंसं मिसळायचं म्हटलं तर प्रमाण हमखास चुकतं. काही रेझिनांचं प्रमाण वजनावर दिलेलं असतं, काहींचं आकारमानावर, आणि रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्यानं ही दोन प्रमाणं एक नसतात. सोनाराच्या काट्यावर दहा-पंधरा ग्रॅम मोजून मिसळायचं, आठ-दहा थेंब वापरायचे आणि उरलेलं एखाद्या किचेनच्या साच्यात जिरवायचं, हा इथला घरगुती तोडगा. शिवाय इपॉक्सी पिकताना स्वतःच्याच उष्णतेनं पिकतं. मोठा लगदा तापतो, थेंबाला ती ऊब साठवता येत नाही, म्हणून तो दिवसभर चिकट राहतो. इथे घाई करणारा बोटाचा ठसा कायमचा ठेवून जातो.

पावसाळ्यात तर या भागात रेझिनचं कामच थांबवावं लागतं. त्र्यंबककडून ढग आले की हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइनशी जोडी जमवतात आणि रेझिनवर पांढुरका तेलकट थर येतो. तो कोमट साबणाच्या पाण्यानं निघतो, पण मिसळीवरची तर्री साबणानं धुवायची म्हणजे जिवावर येतं. जून ते सप्टेंबर क्लेची कामं, दिवाळीनंतर रेझिनची, असं वेळापत्रक त्यामुळे आपोआप बसतं. थंडीत पुन्हा क्ले कडक होते, तेव्हा ती खिशात ठेवून ऊब द्यावी लागते.

ताईंच्या यजमानांना या खेळात रस नाही, असं ते दोनदा म्हणाले. नंतर मात्र साच्याचा विषय निघाल्यावर खुर्ची ओढून बसले. वाटीसारखी वस्तू शंभरदा हातानं करण्यापेक्षा एक नमुना नीट करून त्याचा सिलिकॉन साचा घ्यायचा असतो. सिलिकॉन लवचीक असल्यानं साच्यात अडकणारी थोडीफार वळणं चालून जातात, लोखंडी डायमध्ये ती चालत नाहीत. तरी भिंतीला ड्राफ्ट (किंचित उतार) द्यावाच, पार्टिंग लाइन (साच्याचा सांधा) काठावर घ्यावी म्हणजे फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेली कड) घासताना नक्षी जात नाही, आणि आकुंचन धरून नमुना किंचित मोठा करावा, हे सगळं त्यांनी स्टीलच्या वाटीवर बोट फिरवून दाखवलं. हे ज्ञान पुस्तकात आहेच, पण ज्याच्या हातून साचा अडकून माल वाया गेला आहे त्याच्या तोंडून ते ऐकावं. पॉलिमर क्ले महाग म्हणून अनेक जणी फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर शिजवून कोल्ड पोर्सेलिन करतात. ते भाजावं लागत नाही, फुलांना उत्तम, पण सुकताना चांगलंच आकसतं. मापाच्या कामाला ते ठेवायचं तर आकुंचनाचा हिशेब आधी आलाच.

साच्यातून लहान मूर्ती काढणं आपल्याकडे दोन हजार वर्षांचं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या. त्या पुढचा आणि मागचा असे दोन साचे जुळवून काढलेल्या. तेरच्या संग्रहालयात त्या बघताना बाजूच्या सांध्याकडे लक्ष द्या. डायमेकर ज्याला पार्टिंग लाइन म्हणतो ती तीच.

थोडं काळजीचं. क्लेचा ओव्हन वेगळा हवा, त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही. न पिकलेलं इपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. म्हणून नायट्रिलचे हातमोजे आणि उघडी खिडकी. रेझिनच्या वाटीत, ताटलीत खरं काही खाऊ नये. आणि या वस्तू लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. दीड मिलिमीटरचा मणी खेळणं नव्हे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा सरकारी आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, तेव्हा विकताना ही वस्तू शोभेची आहे हे पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं बरं.

बाजाराबद्दल माझं मत फारसं गोड नाही. खप आहे तो फ्रिजवर चिकटणाऱ्या वडापावाचा, रेझिनमध्ये गोठवलेल्या वरमालेचा, टेबलावरच्या चिमुकल्या गुढीचा, रुखवतात मांडायच्या संसाराचा. यात वाईट काही नाही, घर चालतं. पण मॅग्नेटवरचा वडापाव कुठल्याच मापाचा नसतो. तो गोंडस दिसावा म्हणून वडा फुगवलेला असतो, मिरची वड्याएवढी असते. गिऱ्हाईक गोंडसपणाचे पैसे देतं, मापाचे देत नाही. द्राक्षाच्या घडाला लागलेला वेळ मजुरीच्या दरानं लावला तर तो घड कुणी घेणार नाही, म्हणून ताई तो विकतच नाहीत. विकतात त्या मॅग्नेट. हाताची खरी परीक्षा होते ते काम फुकटात आणि पोट भरतं ते काम डोळे मिटून, हे दुखणं अर्थात एकट्या मिनिएचरवाल्यांचं नाही.

दुसरी तक्रार विषयाची. आपले मिनिएचरवाले सुंदर मॅकरॉन करतात, क्रोसां करतात, स्ट्रॉबेरी केक करतात, कारण व्हिडिओ त्यांचेच आहेत. जेवण मराठी केलं तरी ते ठेवायला घर इंग्रजी: शेकोटीची भिंत, खिडकीत लेसचा पडदा. आणि कुणी पितळी भातुकलीत मांडायला गेलं तर पावणेदोन सेंटिमीटरची भाकरी त्या परातीत बिचारी टिकलीसारखी दिसते, कारण भातुकलीची परात मुलीच्या हाताची आणि भाकरी इंचपट्टीची. दोन्हींचा संसार जमत नाही. निवड करावी लागते, आणि माझा कौल इंचपट्टीला. भातुकली तिच्या जागी पुरी आहे, तिला मापात ओढायचं कारण नाही. पण बाहुलीघर करायचं ठरलं तर ते कुणाच्या तरी खऱ्या घराचं असावं. मापाचा हट्ट आपल्या मातीत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून चालू आहे. तिथे भाऊ जोशींनी सिग्नलसकट अख्खं शहर मापात उभं केलं. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र मावळा बुरुजाहून उंच आणि वाघ तोफेहून लहान असतो. तिथे तसंच चालतं, तो पोरांचा मान आहे.

कुणाचं घर, तर सातपूरचंच. कंपनीत लागलेल्या माणसानं ऐंशीच्या दशकात भाड्यानं घेतलेली दोन खोल्यांची जागा. शहाबादी फरशीचा ओटा, त्याखाली गॅसची टाकी आणि शेजारी सवयीनं ठेवलेला वातीचा स्टोव्ह. भिंतीवर स्टीलची मांडणी, तिच्यात ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले उतरत्या क्रमानं. मोरीत पाण्याचं पिंप, वर कपडे वाळत घालायची दोरी. दाराआड खिळ्याला डब्याची पिशवी, पाळीवर जाताना उचलायची. अशी खोली मी कुठल्या संग्रहालयात पाहिलेली नाही. वाड्यांची छायाचित्रं आहेत, राजवाड्यांचे नकाशे आहेत. कामगाराच्या स्वयंपाकघराची मापं कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि त्या खोल्या आता झपाट्यानं मॉड्युलर होताहेत. मांडणी भंगारात जाते, ग्रॅनाइट येतो. ताईंनी अशा खोलीला हात घातला आहे. मांडणीच्या सळ्या त्यांनी पितळी तारेच्या डाग देऊन केल्यात. अडलंय ते ओट्यावर, कारण त्यांच्या सासूबाईंचा ओटा तोडला तेव्हा त्याची उंची कुणी लिहून ठेवली नाही, आणि आठवणीतली उंची तिघांची तीन आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यंदा दिवाळीनंतर घरात फर्निचरवाला येणार असेल, जुना ओटा फुटणार असेल, आजीची मांडणी उतरणार असेल, तर त्याआधी टेप घ्या. ओट्याची उंची, खोली, कडाप्प्याची जाडी, मांडणीच्या कप्प्यांमधलं अंतर, मोरीच्या कट्ट्याची रुंदी हे सगळं सेंटिमीटरमध्ये वहीत लिहा, वर तारीख आणि पत्ता घाला, एक फोटो समोरून आणि एक बाजूनं काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. बारानं भागायचं काम दुसरं कुणीही करील.